लॅपटॉप टीव्हीला जोडताना

उपनगरातल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट लागतो तेव्हा त्याचे खेळ बहुतेक वेळा आडवेळी असतात, आणि पुढच्या शुक्रवारी तो तिथे असेलच याची खात्री नसते. मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं होतं. तरी बोरिवली किंवा मुलुंडचा नोकरदार लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत सातचा खेळ निम्मा झालेला असतो. हुकलेला चित्रपट मग घरीच बघितला जातो, तोही लॅपटॉपच्या पंधरा इंची पडद्यावर, एकट्याने, कानात इअरफोन घालून. समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही बंद पडून असतो. एक वायर जोडली की तोच चित्रपट घरातल्या चौघांना एकत्र बघता येतो.

टीव्ही स्मार्ट असताना लॅपटॉप कशाला, असं कोणीही विचारेल. टीव्ही पाच-सहा वर्षांचा झाला की त्यातली ॲप एकेक करून अद्ययावत होणं थांबतं. पेन ड्राइव्ह लावला तर एखादी फाइल दिसते पण तिचा आवाज येत नाही, कारण डीटीएस पद्धतीचा आवाज अनेक टीव्ही वाजवत नाहीत. आणि आपल्या घरांमधल्या कपाटात जुन्या चित्रपटांच्या, नाटकांच्या, लग्नाच्या सीडी-डीव्हीडी पडून आहेत. त्या वाजवायला टीव्हीत सोयच नाही. संगणक हे सगळं वाजवतो. स्ट्रीमिंगचा नवीन डबा विकत घेण्याआधी घरात आहे तो लॅपटॉप जोडून बघा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सुरुवात टीव्हीच्या मागून करायची. वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीव्ही भिंतीला इतका चिकटवून बसवलेला असतो की मागे हात जात नाही. मोबाइलचा फ्लॅश चालू करून हात आत सरकवा आणि व्हिडिओ काढा. मग खुर्चीत बसून शांतपणे बघा. पसरट, खालचे दोन कोपरे तिरके कापलेले खाचे दिसतील ते एचडीएमआयचे. बाजूला १, २, ३ असे आकडे असतात. त्यातला एक सेट टॉप बॉक्सने अडवलेला असेल. एखाद्यावर ‘एआरसी’ लिहिलेलं असेल. साउंडबार असेल तर तो खाचा त्याच्यासाठी मोकळा ठेवा. रिकाम्या खाच्याचा आकडा लक्षात ठेवा, कारण रिमोटवरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’च्या यादीतून तोच निवडायचा आहे. खाचा थेट भिंतीकडे तोंड करून असेल तर वायर सरळ घुसवू नका, दाबाने खाच्याची आतली पट्टी मोडते. काटकोनात वळलेला छोटा जोड मिळतो, तो लावा. हा जोड वर वळणारा आणि खाली वळणारा असा दोन प्रकारचा असतो, म्हणून दुकानात जाताना तो व्हिडिओ सोबत असू द्या.

आता लॅपटॉपकडे या. त्याला एचडीएमआयचा खाचा असेल तर प्रश्नच मिटला. नवीन सडपातळ लॅपटॉपना नुसते टाइप-सीचे खाचे असतात, आणि इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. टाइप-सीचा प्रत्येक खाचा चित्र बाहेर देतोच असं नाही. काही नुसते चार्जिंगला आणि फाइली उतरवायला असतात. खाच्याशेजारी विजेच्या बाणाची किंवा ‘डीपी’ अक्षरांसारखी खूण असेल तर तो चित्र देतो. खूण नसेल तर मॉडेलचा नंबर टाकून कंपनीच्या साइटवर माहिती वाचा आणि मगच ॲडाप्टर घ्या. घेताना ‘४के, ६० हर्ट्‌झ’ लिहिलेला घ्या; ३० हर्ट्‌झचा स्वस्त मिळतो, पण ४के टीव्हीवर त्याने माऊससुद्धा अडखळत हलतो. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डच्या खाच्यात लावायची, मदरबोर्डच्या नाही. जुन्या संगणकाला फक्त पंधरा पिनांचा व्हीजीए असेल तर लक्षात घ्या, त्यातून नुसतं चित्र जातं. आवाजाची वायर वेगळी लावावी लागते.

वायरीसाठी लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. साधी वायर बोरिवली स्टेशनजवळच्या इंद्रप्रस्थमध्ये किंवा तुमच्या नाक्यावरच्या संगणकवाल्याकडे मिळते, आणि दोन-चारशे रुपयांत मिळते. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण यांनी चित्र सुधारत नाही. ही डिजिटल वायर आहे, चित्र नीट पोचतं किंवा मग ठिपके उडतात, पडदा काळा होतो. खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’चं स्कॅन करता येणारं लेबल असेल तर ४केची चिंता नाही. लांबी मात्र विचार करून ठरवा. आपल्या हॉलमध्ये लॅपटॉप टीव्हीखालच्या युनिटवर ठेवला तर दीड मीटर पुरते. सोफ्याजवळ हवा असेल तर तीन मीटर कमी पडतात, कारण वायर भिंतीच्या कडेने फिरवावी लागते. पाच मीटरपर्यंत चांगली साधी वायर चालते. दहा मीटर हवी असेल तर ऑप्टिकल प्रकारची घ्यावी लागते आणि तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, उलट लावली तर काहीच दिसत नाही. हॉलच्या मधून वायर टाकू नका. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यात पाय अडकणारच. वायरमनकडून केसिंग पट्टी मारून घ्या.

पुढची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वायर जोडताना एचडीएमआयचे खाचे जळतात. कारण असं: टीव्हीला बहुधा दोन पिनांचा प्लग असतो, त्याला अर्थिंग नसतं. लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असतात, पण भिंतीतला तिसरा खाचा जुन्या इमारतीत नावापुरता असतो, किंवा आपणच दोन पिनांचा जोड लावून अर्थिंग तोडलेलं असतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच. त्यात केबलवाल्याची वायर इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेली असते आणि ती सेट टॉप बॉक्समार्फत टीव्हीला पोचते. दोन्ही बाजूंचा विजेचा दाब वेगळा असला की वायर टेकवताना बारीक ठिणगी उडते आणि ती नाजूक पिनांमधून वाट काढते. म्हणून क्रम पाळा. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि चार्जर एकाच स्पाइक गार्डवर घ्या. त्याचा भिंतीतला स्विच बंद करा. केबलची गोल वायर बॉक्समधून काढून ठेवा. मग एचडीएमआयची दोन्ही टोकं बसवा आणि त्यानंतर स्विच चालू करा. काढतानाही आधी स्विच बंद. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तेव्हा केबलची वायर काढलेलीच ठेवा. घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मीटरने तपासून घ्या. नुसत्या टेस्टरने ते नीट कळत नाही. वीज अंधेरीत अदानीची असो की मुलुंडमध्ये महावितरणची, मीटरपुढच्या वायरिंगची जबाबदारी आपलीच असते.

जोडणी झाली, टीव्हीवर खाच्याचा आकडा निवडला, तरी पडदा निळा किंवा काळा असेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्हीकडे तेच दिसतं, जोडणी झाली की नाही हे बघायला ते बरं. चित्रपटासाठी ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. डुप्लिकेटमध्ये लॅपटॉपच्या पडद्याचं माप टीव्हीवर लादलं जातं, चित्र मऊ होतं, शिवाय खोलीत दुसरा उजेड राहतो. लॅपटॉपचं झाकण लावल्यावर तो झोपू नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ असं ठेवा. पण तो उशीवर, गादीवर ठेवू नका. मे महिन्यातल्या आपल्या दमट हवेत खालची जाळी बुजली की अर्ध्या चित्रपटात पंखा ओरडायला लागतो.

चित्र आलं आणि आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, ही सर्वांत नेहमीची तक्रार. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून यादीतून टीव्हीचं नाव निवडा, एवढंच करायचं असतं. खरी अडचण पुढे येते. पात्रं कुजबुजल्यासारखी बोलतात आणि गाणं लागलं की शेजारी भिंत ठोठावतात. चित्रपटाचा आवाज पाच-सहा स्पीकरसाठी मिसळलेला असतो. संवाद मधल्या स्पीकरचे असतात आणि टीव्हीत तो स्पीकर नसतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘टूल्स’खाली ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मध्ये ‘कॉम्प्रेसर’ आहे. तो चालू केला की मोठे आवाज दबतात आणि मग एकूण आवाज वाढवून संवाद नीट ऐकता येतात. ज्यांच्या घरी ऐकायला कमी येणारे आजी-आजोबा आहेत त्यांनी हे नक्की करून बघावं. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर ‘जे’ आणि ‘के’ या बटणांनी आवाज मागेपुढे सरकवता येतो.

आता चित्र. दुकानात झगमगाट दिसावा म्हणून टीव्ही ज्या सेटिंगवर येतो, त्याच सेटिंगवर आपण वर्षानुवर्षं बघत राहतो. दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकाराने महिनोन्‌महिने खपून जे घडवलं ते त्यात निम्मं बिघडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तो बदलून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ करा. पहिली पाच मिनिटं चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना सवय होऊ द्या. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीत तिचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतःच बनवून घालते आणि ‘फँड्री’सारखा चित्रपटही दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

चौकटींचा हिशेब संगणकावरही जुळवता येतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ आणि तिथे टीव्हीचा रिफ्रेश रेट. तो ६० असतो. साठमध्ये २४ पूर्ण बसत नाहीत, म्हणून कॅमेरा हळू सरकतो तेव्हा चित्र किंचित अडखळतं. यादीत २४ असेल तर चित्रपटासाठी तो निवडा. डीव्हीडीवरची नाटकं आणि दूरदर्शनचं जुनं चित्रीकरण सेकंदाला २५ चौकटींचं असतं; त्यासाठी ५० निवडा. अशा जुन्या चित्रीकरणात माणूस हलला की त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीएलसीमध्ये ‘डी’ दाबलं की ते जातात.

पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, खालची टास्कबार अर्धवट दिसत असेल, तर टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या यादीत जा. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सोनीत ‘फुल पिक्सेल’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’. याच यादीत एक मोह असतो तो टाळा. १९३६ चा ‘संत तुकाराम’, १९५३ चा ‘श्यामची आई’ हे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले आहेत. रुंद टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि घरातलं कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतं. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा ताणून रुंद करू नका. पट्ट्या राहू द्या. दिवा मालवला की त्या दिसतही नाहीत.

काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नसेल, तर संगणक आणि टीव्ही यांचं काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेवर एकमत झालेलं नाही असं समजा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल रेंज’ आणि ‘लिमिटेड रेंज’ असे पर्याय असतात, टीव्हीत ‘ब्लॅक लेव्हल’. एकेक बदलून बघा. परीक्षा घ्यायला ‘तुंबाड’मधला वाड्याच्या आतला प्रसंग लावा, काळोखात भिंतीचा पोत दिसला की जमलं.

उपशीर्षकांचं एक सांगतो. इंग्रजी किंवा मल्याळी चित्रपटाला मराठी उपशीर्षकांची फाइल मिळते आणि पडद्यावर चौकोन किंवा अगम्य खुणा येतात. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये उपशीर्षकांच्या पानावर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ करा आणि फाँट ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ निवडा, देवनागरी येते. अक्षरं मोठी करायलाही तिथेच जागा आहे. दहा फुटांवरून वाचायची आहेत हे ध्यानात ठेवा. उपशीर्षकं मागेपुढे होत असतील तर ‘जी’ आणि ‘एच’.

कपाटातल्या डिस्कसाठी यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो, कारण आता लॅपटॉपमध्ये तो नसतो. व्हीसीडीच्या आत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डीएटी’ फाइल असते. ती व्हीएलसीने थेट उघडते. व्हीसीडीचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच, त्यात तुमच्या वायरीचा दोष नाही. घरच्या लग्न-मुंजीच्या डिस्क मात्र आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आपल्या दमट हवेत डिस्कला बुरशी धरते आणि पुढल्या पावसाळ्यानंतर ती उघडेल याचा भरवसा नाही.

ओटीटीवरचा चित्रपट लावला की नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, असं झालं तर ते चोरी रोखणाऱ्या कुलपाचं काम आहे. व्हीजीएचा जोड किंवा एका वायरीचे दोन करणारा स्वस्त स्प्लिटर मधे असला की हे कुलूप अडतं. तो काढून थेट वायर लावा. विंडोजवर काही सेवा क्रोमपेक्षा एज ब्राउझरमध्ये अधिक स्पष्ट चित्र देतात, तेही करून बघा.

बिनवायरीचा मार्ग आहे: विंडोजचं बटण आणि ‘के’ दाबून टीव्ही शोधायचा, मॅक असेल तर एअरप्ले. पण घाटकोपर-अंधेरीच्या दाट वस्तीत प्रत्येक घरात एक राउटर आहे आणि फोनवर यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं येतात. त्या गर्दीत चित्र अडकतं. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर थोडं बरं चालतं. फोटो दाखवायला ठीक. तीन तासांच्या चित्रपटाला वायरच लावा.

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक घरांतले धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ ला चालत नाहीत म्हणून बाजूला पडले. ते भंगारात देऊ नका. बँकेची कामं त्यावर करू नका, नेट बंद ठेवा आणि हार्ड डिस्कवरचे चित्रपट टीव्हीवर दाखवायला असा लॅपटॉप कायमचा टीव्हीखालच्या युनिटवर ठेवून द्या. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घेतलं तर नेटही वापरता येतं. एवढंच बघा की २०१५ च्या आधीचा प्रोसेसर एचईव्हीसी प्रकारच्या फाइलींना दमतो. तोच चित्रपट एच.२६४ प्रकारात असेल तर सुरळीत चालतो. एक बिनवायरीचा छोटा कीबोर्ड घेतला की सोफ्यावरून उठावं लागत नाही. स्पेस दाबला की चित्रपट थांबतो, पुन्हा दाबला की सुरू, आणि ‘एफ’ने पडदा भरतो. आई-वडिलांना ही दोन बटणं लिहून द्या.

ही जोडणी जमली की सोसायटीतले लोक गणपतीत हॉलमध्ये चित्रपट लावायला बोलावतात. जरूर जा, वायर आणि स्पाइक गार्ड घरचाच न्या. पण ओटीटीचं आपलं खातं घरच्यांपुरतं असतं. हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचा असेल तर चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी कमिटीला आधी मागायला सांगा. पत्र निदान महिनाभर आधी जायला हवं.